लंडन : शिवाजी पार्कच्या वाटेने

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींत परदेश प्रवास हा आता नवलाईचा विषय राहिलेला नाही. कोणी मुलाकडे जाऊन आलेला असतो, तर कोणी जवळच्याच एखाद्या पर्यटन संस्थेबरोबर ‘युरोप करून’ आलेला असतो. १९८४ साली सुरू झालेल्या ‘केसरी’सारख्या संस्थांनी मराठी माणसाला मराठी जेवणासह जग दाखविले आणि हजारो ज्येष्ठ नागरिकांच्या मनातील परदेशाची भीती घालविली, हे ऋण मान्य करायलाच हवे. तरीही एक रुखरुख उरते. पंधरा दिवसांच्या युरोप सहलीत लंडनच्या वाट्याला जेमतेम दोन दिवस येतात. टॉवर ब्रिज, बकिंगहॅम राजवाडा, मादाम तुसॉ यांचे मेणाचे पुतळे, थेम्सच्या काठचा प्रचंड पाळणा आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन तासांची खरेदी एवढ्यावर लंडन ‘झाले’ असे मानून मंडळी पॅरिसची गाडी पकडतात. छायाचित्रे भरपूर निघतात, पण शहराची भेट होत नाही.

वास्तविक, दादर-माहीमच्या रहिवाशाला लंडन हे अनोळखी शहर नव्हे. १९२५ साली लोकांसाठी खुले झालेले आणि १९२७ साली शिवरायांचे नाव मिळालेले हे मैदान घ्या. त्याच्या एका अंगाला स्वातंत्र्यवीर सावरकरांचे राष्ट्रीय स्मारक आहे, तर थोड्याच अंतरावर समुद्राकाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची चैत्यभूमी. एकेकाळचा कॅडल रोड आज स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग झाला आहे. या दोन्ही पुरुषांच्या आयुष्याला वळण लावणारी वर्षे लंडनमध्ये गेली. त्यांची तेथील घरे आजही उभी आहेत आणि तेथे जायला भूमिगत रेल्वेचे तिकीट पुरते. लंडनसाठी स्वतंत्र पाच-सहा दिवस काढावेत, असे आग्रहाने सांगावेसे वाटते ते यासाठी.

निघण्यापूर्वी

ब्रिटन ‘शेंगेन’ गटात कधीच नव्हते. त्यामुळे फ्रान्स-स्वित्झर्लंडचा व्हिसा लंडनला चालत नाही. ब्रिटनचा पर्यटक व्हिसा वेगळा काढावा लागतो आणि तो सर्वसाधारणपणे सहा महिन्यांच्या मुदतीचा असतो. शुल्क व कागदपत्रांचे नियम वारंवार बदलत असल्याने ते सरकारी संकेतस्थळावरच पाहावेत, शेजाऱ्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नये.

मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे एका दिवसात दोन दिवसांचे फिरणे होते. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, पण नाताळची रोषणाई पाहण्यासारखी असते. मात्र २५ डिसेंबरला भूमिगत रेल्वे आणि बस पूर्णपणे बंद असतात, हे ठाऊक नसलेले पाहुणे त्या दिवशी हॉटेलच्या खोलीतच अडकून पडतात.

शहरात फिरण्यासाठी ‘ट्यूब’ ही १८६३ साली सुरू झालेली जगातील पहिली भूमिगत रेल्वे आणि लाल दुमजली बस पुरेशा आहेत. मुंबईच्या जुन्या डिझेल दुमजली बसगाड्या २०२३ साली निवृत्त झाल्या. त्यांची आठवण येणाऱ्यांनी लंडनच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढचे आसन पकडावे. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. परदेशी व्यवहारांसाठी सुरू केलेले, स्पर्शाने चालणारे बँकेचे कार्ड प्रवेशद्वारावरील यंत्राला लावले की काम होते. दिवसभरात ठरावीक रकमेपेक्षा अधिक भाडे कापले जात नाही, मात्र प्रत्येक वेळी तेच कार्ड वापरायला हवे. २०२२ साली सुरू झालेल्या एलिझाबेथ मार्गिकेमुळे हीथ्रो विमानतळावरून थेट शहराच्या मध्यात उतरता येते, त्यामुळे टॅक्सीवर पहिल्याच दिवशी पैसे उधळण्याचे कारण उरलेले नाही.

फुकटातले वैभव

लंडन महाग आहे हे खरे. पण तेथील सर्वांत मौल्यवान गोष्टी फुकट आहेत, हेही तितकेच खरे. राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांना २००१ पासून प्रवेशमूल्य नाही. १७५९ साली लोकांसाठी उघडलेले ब्रिटिश म्युझियम, ट्रॅफल्गार चौकातील नॅशनल गॅलरी आणि साउथ केन्सिंग्टनमधील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय ही तीन पाहिली, तरी प्रवासाचे सार्थक झाले म्हणावे. ब्रिटिश म्युझियममध्ये रोझेटा शिला आणि ग्रीसची पार्थेनॉन शिल्पे पाहण्यास गर्दी लोटते. त्या गर्दीतून वाट काढून अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे अवश्य शोधावीत. ही अमरावती आंध्रातील, विदर्भातील नव्हे. संगमरवरासारख्या फिकट चुनखडीत कोरलेले ते बौद्ध जग पाहताना, ते इथे कसे आले हा प्रश्न मनात येतोच. यावा, त्यासाठीच तेथे जायचे.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे नाव महाराष्ट्रात घराघरांत पोहोचले ते वाघनखांमुळे. साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहासकार जेम्स ग्रँट डफ याच्यामार्फत इंग्लंडला गेलेली ही वाघनखे तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. १६५९ साली प्रतापगडावर वापरलेली वाघनखे हीच, असे निश्चितपणे सांगता येत नाही, ही भूमिका खुद्द लंडनच्या संग्रहालयानेच घेतलेली आहे. श्रद्धा आणि पुरावा यांत अंतर ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा आपल्यालाही रुचायला हरकत नसावी. टिपू सुलतानाचा प्रसिद्ध यांत्रिक वाघ याच संग्रहालयाच्या मालकीचा आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर तो इंग्रजांच्या हाती लागला. दालनांची दुरुस्ती आणि फेरमांडणी अधूनमधून चालू असते, म्हणून एखादी विशिष्ट वस्तू पाहायची असेल तर ती सध्या मांडलेली आहे काय, हे आधी पाहून घ्यावे.

या संग्रहालयापासून दहा मिनिटे चालले की इंपिरियल कॉलेजच्या आवारात एक उंच मनोरा दिसतो. पाडून टाकलेल्या इंपिरियल इन्स्टिट्यूट या वास्तूचा हा उरलेला भाग. याच इन्स्टिट्यूटमध्ये १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी सर कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या आणि पुढच्याच महिन्यात, १७ ऑगस्टला, ते पेंटनव्हिल तुरुंगात फासावर गेले. सहलीची बस या मनोऱ्याजवळून जाते, पण थांबत नाही.

दोन घरे, एक मार्गिका

लंडनच्या ट्यूबमध्ये काळ्या रंगाने दाखवलेली ‘नॉर्दर्न’ मार्गिका आहे. कॅम्डन टाउन स्थानकाशी तिला दोन फाटे फुटतात. एका फाट्यावरचे पहिलेच स्थानक चॉक फार्म. दुसऱ्या फाट्यावरचे तिसरे स्थानक आर्चवे आणि त्यापुढे हायगेट लागते. पहिल्या फाट्यावर बाबासाहेबांचे घर आहे, दुसऱ्यावर सावरकरांचे. पुढे आयुष्यभर ज्यांचे मार्ग वेगळे राहिले, त्या दोघांच्या तरुणपणाच्या खुणा एकाच रेल्वेच्या दोन फाट्यांवर असाव्यात, हा योगायोगच! एका दिवसात दोन्ही घरे निवांत पाहून होतात.

चॉक फार्मला उतरून दहा-बारा मिनिटे चालले की १०, किंग हेन्रीज रोड ही तांबूस विटांची इमारत येते. १९२१-२२ या काळात बाबासाहेब येथे राहत होते. १९१६ साली ते प्रथम लंडनला आले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढच्याच वर्षी त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. नोकरी करून पैसे साठवून, शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन १९२० साली ते पुन्हा आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. आणि डी.एस्सी. तसेच ग्रेज इनची बॅरिस्टरी त्यांनी अवघ्या काही वर्षांत मिळवली. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. हे घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्याचे स्मारक म्हणून उद्‌घाटन झाले. त्यानंतरही गोष्ट संपली नव्हती. निवासी वस्तीत संग्रहालय चालविण्यास स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली, प्रकरण वरपर्यंत गेले आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली, तेव्हा कुठे ते कायदेशीरपणे संग्रहालय झाले. आसपास लोक राहतात, तेव्हा आपल्या गटाने तेथे आवाज आवरता ठेवणे बरे. वेळा बदलत असतात, त्या आधी पाहाव्यात. दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथांसाठी बांधलेले ‘राजगृह’ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या घरातील खोल्यांचा लहानपणा विशेष जाणवेल. जवळच प्रिमरोझ हिलची टेकडी आहे. तेथून सारे लंडन पसरलेले दिसते.

परत कॅम्डन टाउनला येऊन गाडी बदलावी आणि आर्चवेला उतरावे. चढणीच्या रस्त्याने ६५, क्रॉमवेल अॅव्हेन्यू येथे पोहोचता येते. श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १ जुलै १९०५ रोजी सुरू केलेले ‘इंडिया हाऊस’ हेच. हिंदी विद्यार्थ्यांसाठीचे हे वसतिगृह. १९०६ साली सावरकर लंडनला आले ते येथेच राहिले. १८५७ वरील त्यांचा ग्रंथ या लंडनच्या वास्तव्यात सिद्ध झाला. १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली, आणि हिंदुस्थानात नेले जात असताना त्याच वर्षी ८ जुलैला मार्सेलिसच्या बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेतली. भिंतीवर १९८५ साली बसवलेली निळी गोल पाटी आहे. याखेरीज काहीही नाही. हे खासगी घर असून आत माणसे राहतात. दार ठोठावू नये, पायरीवर उभे राहून घोषणा देऊ नयेत. रस्त्याच्या पलीकडून पाहावे आणि नमस्कार करून निघावे.

शिवाजी पार्कजवळच्या ‘सावरकर सदना’त १९६६ साली संपलेल्या आयुष्याचा एक अध्याय या शांत, झाडीच्या रस्त्यावर लिहिला गेला, हे पाटी वाचल्याशिवाय कोणाला कळणारही नाही. एका घराचे सरकारने स्मारक केले, दुसऱ्याचे नाही, यावरून आपल्याकडे वाद घालणे सोपे आहे. प्रत्यक्ष त्या पायवाटेवर उभे राहिल्यावर वादाची इच्छा फारशी उरत नाही. वेळ असल्यास जवळची हायगेट दफनभूमी पाहावी. कार्ल मार्क्सची समाधी तेथे आहे, प्रवेशाला मात्र पैसे पडतात.

हे दोघेही ग्रेज इनचे विद्यार्थी. फरक एवढाच की, बाबासाहेबांना तेथून बॅरिस्टरीची सनद मिळाली आणि सावरकरांना परीक्षा देऊनही ती नाकारली गेली. चॅन्सरी लेन स्थानकाजवळच्या या संस्थेची बाग कामाच्या दिवशी दुपारी काही वेळ सर्वांना खुली असते. आणखी उत्साह असेल तर वॉरविक अॅव्हेन्यू स्थानकाजवळ १०, हाउली प्लेस येथे लोकमान्य टिळकांच्या नावाची पाटी आहे. चिरोलवरील खटल्यासाठी लोकमान्य १९१८-१९ मध्ये येथे राहिले. खटला ते हरले, पण त्या निमित्ताने मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी त्यांचे नाते जुळले. पाटी पाहून झाल्यावर शेजारच्या कालव्याकाठी बसून चहा घ्यावा.

लॉर्ड्‌स : पार्कचे परदेशातील अंगण

क्रिकेटविषयी शिवाजी पार्कच्या वाचकाला काय सांगावे! तरीही, सेंट जॉन्स वुड स्थानकाजवळच्या लॉर्ड्‌सची मार्गदर्शकासह फेरी आगाऊ नोंदवूनच जावे. संग्रहालयातील ‘अॅशेस’चा रक्षाकलश अपेक्षेपेक्षा फारच चिमुकला आहे आणि १९३६ साली चेंडू लागून मेलेली चिमणीही पेंढा भरून ठेवलेली आहे. विजयी शतकवीरांच्या फलकांपाशी मात्र रेंगाळावे. दादर युनियनच्या दिलीप वेंगसरकरांचे नाव तेथे तीनदा आहे : १९७९, १९८२ आणि १९८६. विनू मंकड यांची १९५२ सालची १८४ धावांची खेळी आहे. आणि शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेल्या अजित आगरकरचे २००२ सालचे नाबाद १०९ देखील. त्याच सरांचा सर्वांत मोठा शिष्य सचिन तेंडुलकर याला लॉर्ड्‌सवर कसोटी शतक कधीच साधले नाही. कट्ट्यावरच्या वादांना यापेक्षा उत्तम खाद्य नाही. १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पार्कच्याच संदीप पाटीलने काढलेल्या २७ धावा फलकावर नाहीत, पण त्या आठवणाऱ्यांना फलकाची गरजही नाही.

थेम्सच्या दक्षिणेला ओव्हल आहे. अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडच्या भूमीवरची पहिली मालिका जिंकली ती येथे, २४ ऑगस्ट १९७१ रोजी. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती आणि प्रेक्षकांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून ‘बेला’ नावाची हत्तीण मैदानावर आणली होती.

दिवे लागल्यावर

रात्रीचे लंडन म्हटले की आपल्याकडे भुवया उंचावतात. मद्यालये आणि नृत्यगृहे एवढेच डोळ्यांसमोर येते. ती आहेतच. पण शिवाजी मंदिरात आणि यशवंत नाट्यमंदिरात हयात घालविलेल्या माणसासाठी वेस्ट एंडची नाटके हेच रात्रीचे खरे आकर्षण. अगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ १९५२ पासून चालू आहे, केवळ कोरोनाच्या काळात ते थांबले होते. लेस्टर चौकातील तिकीट खिडकीवर त्याच दिवसाची तिकिटे सवलतीत मिळतात. थेम्सच्या दक्षिण काठावर १९९७ साली उभारलेल्या ‘ग्लोब’ नाट्यगृहात उघड्या आकाशाखाली उभे राहून शेक्सपिअर पाहण्याचे तिकीट इतर आसनांच्या मानाने अगदीच स्वस्त असते. तीन तास उभे राहावे लागते, पाऊस आला तर छत्री उघडता येत नाही. गुडघे साथ देत असतील तर हा अनुभव चुकवू नये. ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ करून १८८३ साली मराठीत आणणारे दुसरे आगरकर, गोपाळ गणेश, यांची येथे आठवण झाल्यास नवल नाही. जुलै ते सप्टेंबरमध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘प्रॉम्स’ हा पाश्चात्त्य अभिजात संगीताचा महोत्सव असतो. तेथेही उभे राहण्याची स्वस्त तिकिटे असतात.

शुक्रवारी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय रात्री दहापर्यंत आणि ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत उघडे असते. गर्दी टाळायची असेल तर ही वेळ साधावी. जॅझ संगीताची आवड असणाऱ्यांनी सोहोमधील १९५९ सालापासूनचा ‘रॉनी स्कॉट्‌स’ क्लब पाहावा, आसने आधी राखून.

‘पब’विषयी थोडे. हे दारूचे गुत्ते नव्हेत, ती वस्तीची बैठकीची खोली आहे. फ्लीट स्ट्रीटवरील ‘चेशायर चीज’ हा पब १६६६ च्या भीषण आगीनंतर १६६७ साली पुन्हा बांधला गेला. पबात टेबलाशी कोणी विचारायला येईल अशी वाट पाहू नये. गल्ल्यावर जाऊन मागायचे, तेथेच पैसे द्यायचे. न पिणाऱ्याने फळांचा रस किंवा लेमोनेड मागितल्यास कोणी तोंड वाकडे करीत नाही. बहुतेक पब रात्री अकराच्या सुमारास घंटा वाजवून शेवटची मागणी घेतात. त्यानंतर परतायला शुक्रवार-शनिवारी काही मार्गिकांवर रात्रभर ट्यूब धावते. ही सोय २०१६ साली सुरू झाली. इतर रात्री रात्रसेवेच्या बस आहेत. रस्त्याच्या कडेला उभे राहून मोबाईल चाळत बसू नये. सायकलवरून येऊन तो हिसकावून नेणारे तेथेही आहेत.

खरेदी, आणि न केलेली खरेदी

ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील बहुतेक कपड्यांची दुकाने आता मुंबईच्या मॉलमध्येही आहेत. तेच सदरे तेथून बॅगा भरून आणण्यात अर्थ नाही. खेळण्यांचे १७६० सालचे ‘हॅम्लेज’ तर २०१९ पासून रिलायन्सच्याच मालकीचे आहे! पूर्वी पर्यटकांना खरेदीवरील मूल्यवर्धित कर विमानतळावर परत मिळत असे. ब्रिटनने ही सवलत १ जानेवारी २०२१ पासून बंद केली. जुन्या माहितीवर हिशेब मांडून गेलेल्यांची येथे फसगत होते. रविवारी मोठी दुकाने कायद्यानुसार केवळ सहा तास उघडी असतात, तेव्हा खरेदीचा दिवस रविवार ठेवू नये.

पाहायला मात्र जावे. रीजंट स्ट्रीटच्या मागे ‘लिबर्टी’ची लाकडी इमारत आहे. १९२४ साली ती ब्रिटिश आरमाराच्या दोन मोडीत काढलेल्या जहाजांच्या लाकडातून बांधली गेली. त्यांपैकी एका जहाजाचे नाव होते ‘हिंदुस्तान’. पोर्टोबेलो रोडवर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, बरो मार्केटमध्ये खाद्यपदार्थांचा. पैसे खर्चायचेच असतील तर चेरिंग क्रॉस रोडवरील ‘फॉइल्स’मध्ये आणि त्याला लागूनच्या सेसिल कोर्ट या गल्लीतील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत खर्चावेत. विमानातील सामानाची मर्यादा लक्षात ठेवावी, पुस्तके जड असतात. जाण्यापूर्वी मीना प्रभू यांचे ‘माझं लंडन’ आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ वाचले, तर तेथील निम्मे रस्ते ओळखीचे वाटतील.

जेवणाची चिंता करू नये. युस्टन स्थानकामागच्या ड्रमंड स्ट्रीटवर आणि वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर शाकाहारी भारतीय जेवण मिळते. मुंबईत शिकलेल्या दोन मित्रांनी २०१० साली हौन्स्लो येथे ‘श्रीकृष्ण वडापाव’ सुरू केला. कीर्ती कॉलेजच्या वड्याशी त्याची तुलना ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर करावी. आणि लॉर्ड्‌सला नेणाऱ्या त्याच ज्युबिली मार्गिकेने पुढे डॉलिस हिलला उतरले, की १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. गणेशोत्सवात तेथे आरती असते, एरवी नाटक-गाण्याचे कार्यक्रम. कार्यक्रमाच्या तारखा पाहून गेल्यास चार मराठी माणसे भेटतात, आणि त्यांतले एखादे तरी दादरचे निघते.